गुलाबरावांचा विलायती सिनेमा

गुलाबराव इंग्रजी सिनेमाला गेले की पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत आणि बोलत ते गुलाबराव. विलायतेतली ती गिटारवाली पोरं आपापसांत काही पुटपुटली की हे पुढच्या स्वस्त बाकांवरून उठून अख्ख्या थेटराला सांगत, "हा झिपऱ्या म्हनते, मी काई आता घरी येत नाई. त्याची माय म्हनते, नको येऊ, पन डोक्याले तेल तं लाव."

इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. त्यामुळे त्यांचं कधी काही अडलं नाही.

अकोल्यात ते आमचे शेजारी. मूळचे तेल्हाऱ्याचे. घरची जमीन भावांवर सोपवून इथे कापसाच्या बाजारात हर्रासाची, म्हणजे लिलावाची, बोली पुकारत. दिवसभर कापसाच्या गाड्यांवर उभं राहून ओरडायचं काम, त्यामुळे हळू बोलणं घशाला ठाऊकच नव्हतं. सकाळी ते बायकोला "च्या झाला का?" असं विचारत आणि आमच्या घरातून माझे यजमान "झाला, या" म्हणत.

साठीच्या दशकाच्या अखेरीस स्टेशनाजवळच्या थेटरात दर रविवारी सकाळी हे गाण्याबजावण्याचे विलायती सिनेमे लागू लागले. त्यांत गोष्ट म्हणावी अशी नसे. केस वाढवलेली पोरं मोटारीतून हिंडत, मधेच उतरून गात. कधी एखादी बाई टेकडीवर मेंढ्यांच्या घोळक्यात एकटीच गिटार घेऊन रडव्या सुरात म्हणत बसे. गुलाबराव अशांना वाऱ्यावर सोडत नसत. "सासरहून रुसून आली हे. मेंढ्या बापाच्या हायेत." एकदा ढोल वाजवणारा पोरगा अनवाणी फिरत होता आणि पोरी त्याला हसत होत्या. गुलाबरावांनी तत्काळ निकाल दिला, "साळ्याईनं जोडे लपवले त्याचे. लगीन लागलं वाट्टे." बाजारातले हमाल खास एवढ्यासाठी तिकीट काढून येत.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. त्यांच्या पत्नीची, सुभद्राबाईंची, दृष्टी काचबिंदूने गेली होती. घराबाहेर त्या पडत ते फक्त या रविवारच्या खेळाला. गाणी त्यांना आवडत, मग ती कुठल्याही भाषेतली असोत. थेटरात बायकांचे बाक वेगळे, मधे लाकडी फळ्यांचा आडोसा. पुरुषांत बसायला सुभद्राबाई मुळीच तयार नव्हत्या. म्हणून मी त्यांना माझ्याजवळ बसवून घेई आणि गुलाबराव फळ्यांपलीकडून त्यांना सिनेमा सांगत. बाकीचं थेटर केवळ वाटेत बसलेलं असे, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

वाटेत बसलेल्यांत कॉलेजची पोरंही होती. त्यांनीही मानेपर्यंत केस वाढवले होते आणि त्यांना ती गाणी नीट ऐकायची होती. तक्रारी झाल्या. दोनदा बाचाबाची झाली, एकदा हमालांनी एका पोराची कॉलर धरली. शेवटी मॅनेजरने गुलाबरावांना दारातच गाठलं. "पुढच्या रविवारी एक शब्द बोललात तर बाहेर काढीन. आणि परत कधी आत घेणार नाही. तुम्हालाही नाही आणि वहिनींनाही नाही." असले सिनेमे दुसऱ्या कुठल्या थेटरात लागत नव्हते.

आठवडाभर शेजारच्या घरातून आवाज आला नाही. यजमानांनी मला दोनदा विचारलं, गुलाबराव गावाला गेलेत का.

त्या रविवारी दारापाशी दोन धट्टेकट्टे नोकर उभे होते. कॉलेजची पोरं मुद्दाम गुलाबरावांच्या मागच्या रांगेत बसली. हमाल मुद्दाम त्या पोरांच्या मागे. मला सिनेमाची काही पडलेली नव्हती. मी फळ्यांच्या फटीतून गुलाबरावांची पाठ बघत होते. उपरण्याचा बोळा करून त्यांनी तोंडावर धरला होता.

सिनेमा सुरू झाला. गाणं झालं. मग पडद्यावर बोलणं सुरू झालं आणि थेटरात कोणी हूं की चूं केलं नाही. मागून एक पोरगा म्हणाला, "काय काका, आज घसा बसला का?" हमालांपैकी कोणीतरी खाकरलं. गुलाबराव हलले नाहीत.

सुभद्राबाईंनी माझा दंड धरला. "काय चालू हाये, मास्तरीनबाई?"

मी शाळेत गणित शिकवत असे. जे दिसतं ते सांगितलं. "चार मुलं आहेत. मोटारीत बसली आहेत. मोटार थांबली."

"काहून थांबली?"

"ते काही दाखवलं नाही."

"मंग?"

"मग एक खाली उतरला. आता परत बसला."

त्यांनी माझा दंड सोडला. मग म्हणाल्या, "राग नका मानू बाई, पन तुमचा सिनेमा काई जमत नाई." आणि मी हात धरायच्या आत उभ्या राहिल्या. ज्या बाईने परक्या पुरुषासमोर नवऱ्याशी कधी शब्द काढला नव्हता, तिने फळ्यांवर हात टेकून हाक मारली, "अहो. मोटार काहून थांबली?"

अख्ख्या थेटराने माना वळवल्या. दारातले दोघे पुढे सरकले. गुलाबरावांच्या हातात अजून बोळा होता. एक शब्द आणि सगळं संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ते उभे राहिले. "पेट्रोल संपलं वं," ते म्हणाले. "लहान्याले म्हनलं व्हतं भरून ठेव, तो गात बसला."

हमाल हसले. एक कॉलेजचा पोरगाही हसला, तोवर नोकरांनी गुलाबरावांना काखेत हात घालून धरलं होतं. ते बखेडा न करता चालू लागले, फक्त जाता जाता मागे तोंड करून सांगत होते, "आता मोठा त्याले धक्का माराले लावून राहिला..." दार लागलं.

मी सुभद्राबाईंना घेऊन बाहेर आले. थेटराच्या बाजूच्या भिंतीला लागून ओटा होता, तिथे त्यांना बसवलं. गुलाबराव काही अंतरावर उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि सरळ विचारलं, "मी म्हणते, तुम्ही मराठी सिनेमाला का जात नाही? त्यातही गाणी असतात. वहिनींना बोलणं कळेल, तुम्हाला ओरडावं लागणार नाही, भांडण नाही."

गुलाबरावांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "गेलतो ना एकडाव. तिले समदं समजलं. मले काईच नाई सांगा लागलं तिले. तीन घंटे."

 

भिंतीपलीकडे गिटार वाजू लागली. आवाज बाहेर चांगला येत होता. सुभद्राबाईंनी ओट्यावर हाताने चाचपून आपल्या शेजारी जागा केली.

"आता काय करून राहिले पोट्टे?"

गुलाबराव त्यांच्याजवळ जाऊन बसले. समोर चुन्याची कोरी भिंत होती. तिच्याकडे नीट बघून त्यांनी सांगायला सुरुवात केली.