हंबीररावांच्या ट्रकातली थंडी

"कोल्हापुरात थंडी पडती ती पौषात. माझ्या ट्रकात पडती ती मी म्हणीन तवा!"

शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवर हंबीरराव हे दिवसातून एकदा तरी ऐकवायचेच. आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं! धरणाच्या कामावरून लिलावात निघालेला तो परदेशी ट्रक म्हणजे नुसता खुळखुळा होता. एक दार दोरीनं बांधावं लागे आणि हॉर्न वाजण्याऐवजी खोकायचा. पण केबिनमध्ये डॅशबोर्डाखाली एक काळी पेटी होती. तिचा खटका फिरवला की भर वैशाखात अंगावर काटा यावा अशी गार हवा सुटायची. हमाल गुळाची ढेप खांद्यावर तशीच ठेवून केबिनच्या दारात तोंड घालून उभे राहत. एका म्हातारीनं तर पेटीला चक्क हात जोडले होते!

तिला कशाला हसायचं? खुद्द हंबीररावांचाही अजून त्या पेटीवर विश्वास बसत नव्हता. पुढं इंजिनात आग आणि इथं वीतभर अंतरावर हिवाळा! जेवून उठले की ते गुपचूप केबिनमध्ये जाऊन बसत, हवेपुढं हात धरत आणि पुटपुटत, "काय डोकं म्हणायचं का काय बाबा हे!"

तर या पेटीच्या जोरावर त्यांनी थोरल्या लेकीची सोयरीक मांडली. लेकीला घरात सगळे आक्का म्हणत. मुलगा गारगोटीचा, शाळेत मास्तर. आक्कानं आईला सरळ सांगितलं होतं, "ह्ये जमलं तर लई बरं हुईल, आई." अडचण एकच होती, मुलाची आई धोंडुबाई. बाईंना ऊन सोसत नसे. आधीच्या दोन मुली बघायला निघाल्या आणि दोन्ही वेळा डोकं धरून अर्ध्या वाटेतून परतल्या. अर्ध्यातून परतणं म्हणजे अपशकुन! दोन्ही स्थळं तिथंच मोडली.

"उन्हाची काळजी तुम्ही करूच नगासा," हंबीररावांनी छाती पुढं काढली. "माझ्या ट्रकातनं नेतो. शाल तेवढी घेऊन बसा!"

धोंडुबाईंनी डोळे बारीक केले. "बगू या की. शाल लागली तर म्होरं. न्हाय लागली तर जितं असू तितनं माघारी!"

झालं! पाहुण्यांना आणायला जायच्या आदल्या दिवशी हंबीररावांनी खटका फिरवला, तर पेटी ढिम्म! हवा नाही, आवाज नाही. शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, आधी मीठमिरच्या उतरून ट्रकाची दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुरानं नवराबायको खोकून खोकून लाल झाली. पेटी थंडच, म्हणजे गरमच!

मग तात्या मिस्त्री आले. शाहूपुरीतल्या हॉटेलांतले फ्रीज तेच दुरुस्त करायचे, त्यामुळं जगातली सगळी थंडी आपल्या ओळखीची आहे असं त्यांना वाटे. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं, पट्टा फिरताना बघितला आणि एका नळीला हात लावला.

"आयायाया! बर्फ हाय की ही नळी!"

"म्हंजे बिघडलं न्हाय?"

"थंडी तयार हुतीया, हंबीरराव. पण भाईर येईना."

हंबीररावांचे डोळे विस्फारले. "मग जातीया कुठं?"

त्या प्रश्नानं तात्याही गंभीर झाले. दोघं त्या दवानं भिजलेल्या नळीकडं देवळात उभं राहिल्यासारखे बघत राहिले. शेवटी शालूबाईच ओरडल्या, "अवं, पेटी उघडून बगा की! बाहेरनं काय दर्शन घेताय?"

पेटी खोलली. घोडं कुठं पेंड खात होतं ते दिसलं. आतल्या पंख्याच्या पात्यात खोबऱ्याची अख्खी वाटी अडकून बसली होती!

चैत्र यात्रेला हंबीरराव सगळ्या गल्लीला ट्रकात घालून जोतिबाच्या डोंगरावर गेले होते. काचा उघड्याच होत्या. लोकांनी देवावर गुलाल-खोबरं उधळलं, त्यातलं थोडं केबिनमध्येही आलं. तात्यांनी वाटी उपसून काढली, खटक्याच्या पहिल्या घरात पंखा फिरवला आणि हळूच गार झुळूक आली. हंबीररावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आली, माझी बाय ती आली!" खोबऱ्याबरोबर गुलालही आत गेला असेल, हे मात्र तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गारगोटीहून मंडळी निघाली. मास्तर आणि भाऊबंद मागं हौद्यात, पोत्यांवर. केबिनमध्ये हंबीरराव, मधे धोंडुबाई नव्या इरकलीत, कडेला त्यांचे मालक आण्णा, पांढऱ्याशुभ्र धोतरात. पेटी झुळझुळत होती. निम्मी वाट सरली. ऊन मी म्हणत होतं.

"पावणं," धोंडुबाई म्हणाल्या, "शाल काय लागंना."

हंबीररावांच्या तोंडचं पाणी पळालं. डोळ्यांसमोर आक्काचा चेहरा आला.

"थांबवा ट्रक. माघारी फिरा."

"अवं, आत्ता बगा की!" म्हणत हंबीररावांनी खटका एकदम शेवटच्या घरात फिरवला.

पेटीनं आधी एक मोठा श्वास घेतला. मग फस्सकन् जी काय शिंक दिली म्हणता! केबिनभर गुलाबी अंधार झाला. हंबीररावांनी कसाबसा ब्रेक दाबला. धुरळा बसला तेव्हा शेजारी दोन गुलालाचे पुतळे होते, एक लुगड्यातला आणि एक धोतरातला. गेलं स्थळ, हंबीररावांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात कानाशी डरकाळी फुटली, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

"चांगभलं!" आण्णांनी आपसूक साथ दिली.

धोंडुबाई थरथरत होत्या. अंगावर शाल घट्ट ओढलेली. आता ती थंडीनं की भक्तीनं, कोण सांगणार? "डोंगूर तिकडं उत्तरंला आन् गुलाल हितं! अवं, देवच आलता की केबिनात! आता पोरगी बगायची न्हाय. सुपारी फोडायची!"

हंबीररावांना हसावं की रडावं कळेना. दोन्ही करत त्यांनी विहीणबाईंचे पाय धरले. घरी सुपारी फुटली. आक्का दाराआडून हसली आणि त्या एका हसण्यानं बापाचं काळीज सुपाएवढं झालं. त्याच आनंदात ते बोलून गेले, "आता पेटी तेवढी आतनं झाडून घेतो. वरातीला दुप्पट गार करतो!"

"खबरदार!" धोंडुबाई कडाडल्या. "झाडताय कुणाला? देव हाय त्यात! आन् तो खटकाबी बंद. देवाला काय सर्दी करताय?"

त्या दिवसापासून पेटीला रोज हळदीकुंकू आणि हार. आक्का गारगोटीत सुखात आहे. हंबीरराव मात्र वैशाखात घामाच्या धारा पुसत गूळ वाहतात, आणि केबिनमध्ये देव म्हणून तेही अनवाणी! तापलेल्या क्लचवर तळवा टेकला की त्यांच्या तोंडून "जोतिबाऽऽ!" अशी आरोळी निघते आणि रस्त्यावरची माणसं हात जोडून म्हणतात, "काय पण भक्ती म्हणायची माणसाची!"