साळवेकाका गाडीवर आहेत

साळवेकाका दर रविवारी दुपारी जेवण झालं की हेल्मेट घालून बेडरूममध्ये जात. त्या वेळी दारात कोणी आलं, तर काकू आतूनच सांगत, "ते गाडीवर आहेत, पाचनंतर या."

अंबरनाथ पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरचंच बिऱ्हाड. ‘गाडीवर आहेत’ ऐकून नवा माणूस जिन्यातून खाली डोकावून बघायचा. खाली काकांची सायकलसुद्धा नव्हती. गाडी होती कॉम्प्युटरमध्ये. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि काका त्यावरून जर्मनी, फिनलंड, ब्राझीलच्या लोकांशी शर्यत लावत. सगळी नोकरी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून गेलेली. रिटायर झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, काकांनी स्टिअरिंग धरलं.

स्टिअरिंग टेबलाला आवळलेलं, पेडल काकूंच्या पाटाला ठोकलेले. सीट उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आणलेली, भंगारातल्या व्हॅनची. "साईं, गाडी कौनसी है?" दुकानदाराने विचारलं. "बेडरूमवाली," काका म्हणाले. त्याने मुकाट्याने सीटबेल्टही देऊन टाकला.

तो बेल्ट लावल्याशिवाय काका गाडी सुरू करत नसत. मी हसलो की म्हणत, "गाडी म्हणजे गाडी! उद्या म्हणशील, कॉम्प्युटरमध्ये आहे तर दारू पिऊन चालवा!" मागून कोणी जोरात आला तर उजवा हात बाहेर काढून ‘जा बाबा पुढे’ अशी खूण करत. फिनलंडमधल्या माणसाला ती दिसायची सोय नव्हती, पण हात दरवेळी कपाटावर आपटायचा. मध्येच लाइट गेली, तरी आधी ब्रेक दाबायचे आणि मग लोडशेडिंगच्या नावाने बोटं मोडायची.

घोळ केला तो एकाच सवयीने. पुढे कोणाची गाडी उलटली की काका भर ट्रॅकवर थांबत आणि इंग्रजीत टाइप करत, "ब्रदर, लागलं का?" ब्रदरला काय लागणार? तेवढ्यात मागच्या चार-पाच गाड्या काकांवर येऊन आदळत. मग तक्रारी येत. त्यांना इंग्रजीत माफीची उत्तरं लिहायचं काम माझ्याकडे. शेवटी आयोजकांनी बजावलं, आता एकदा जरी थांबलात तर कायमचे बाहेर.

काका हबकले. "रविवार आहे म्हणून आठवडा निघतो रे," म्हणाले. "आता नाही थांबणार. शब्द देतो."

पुढच्या रविवारी पहारा द्यायला मी आणि काकू खाटेवर बसलो. काका असे सुटले की बोलायची सोय नाही! शेवटच्या फेरीला चौथे. काकू आयुष्यात पहिल्यांदाच ओरडल्या, "अहो, दाबा ना जरा!" आणि नेमका पुढचा ब्राझीलवाला भिंतीला घासला, उलटला. चाकं वर. तिसरा नंबर आयता समोर पडलेला.

"काका, निघा!" मी किंचाळलो.

काकांनी ब्रेक दाबला. मागून धाड, धाड, धाड.

तासाभरात मेल आली. काका अजून सीटवरच होते, मी वाचून दाखवली.

"बरोबर आहे त्यांचं," काका म्हणाले. "ट्रॅकवर थांबायचं नसतंच."

मला भयंकर राग आला होता. "मग का थांबलात? शब्द दिला होतात ना?"

काका पेडलकडे बघत राहिले. "इथल्याच मोरिवलीच्या वळणावर एकदा सायकलवाल्याला धक्का लागला आपल्या बसचा. बस भरलेली. सगळे ओरडायला लागले, साळवे, थांबू नको, पब्लिक जिवंत सोडणार नाही. नाही थांबलो. सरळ पोलीस स्टेशनला जाऊन उभा राहिलो."

काकू चहा ठेवायला उठल्या. त्यांना ठाऊक असावं.

"वाचला का तो?"

"वाचला. पाय गेला. तिथंच राहतो, घर माहितीय मला. एवढी वर्षं झाली, पायरी चढायची हिंमत नाही झाली."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि आपण या माणसाला इतके दिवस हसलो याची लाज वाटली. मी म्हटलं, "काका, आत्ता जाऊ या? मी येतो बरोबर."

काकांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मग बेल्ट सोडून उठले, शर्ट बदलून आले. मी म्हटलं, खाली जाऊन रिक्षा थांबवतो.

"रिक्षा नको," काका म्हणाले. "चालत जाऊ."