आपण का आम्ही?

शेजारच्या चौबेंचे वडील गेले, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या बैठकीत माना खाली घालून बसलो होतो. चौबे रडत म्हणाले, "हमने सब कुछ खो दिया." त्यावर आमच्या मजल्यावरचे ढोमणेकाका पुढे सरकले. "हम म्हणजे कोण गा? आपण सगळे, का तुम्ही घरचेच?"

मी हादरलेच. दारात मयत आणि या माणसाला सर्वनामं सुचतात! चौबेंचं रडणं थांबलं, एवढं मात्र खरं.

काका टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाले आणि आता नागपुरात बेसाच्या आमच्या इमारतीत एकटेच राहतात. जन्मभर लोकांचे ट्रंक कॉल जोडता जोडता त्यांना भाषा ताडून पाहायचा नाद लागला. "आपण म्हटलं का समोरचाबी आत येते. आम्ही म्हटलं का तो बाहेर. तेलुगूत मनम आन् मेमु, गुजरातीत आपणे आन् अमे. हिंदीत मात्र एकटं हम. माणूस आत आहे का बाहेर, पत्ताच नाही लागत." हे त्यांनी मला लिफ्टचं दार अडवून सांगितलं. आत दोन म्हाताऱ्या ताटकळत होत्या.

माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे आले, तर काका तिथंही हजर. मुलाचे वडील म्हणाले, "तारीख आम्ही कळवू." काका पोहे खाता खाता म्हणाले, "आम्ही काहून? लग्न काय तुमच्या एकट्याचं आहे? आपण म्हणा ना." सासूबाईंच्या हातातली तर्रीची वाटी हातातच राहिली. मी काकांशी आठवडाभर अबोला धरला, पण त्यांना तो कळलाच नाही.

काकांचा मुलगा रायपूरला असतो. सून रीमा तिकडची, त्यामुळे घरात हिंदीच. "बोलावलं तर उद्या जाईन, पण मी होऊन येतो म्हणणार नाही," हे काका आमच्याकडे आले की एकदा तरी म्हणतातच.

परवा ते आमच्याकडेच बसले होते आणि मुलाचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"पापा, बड़ा घर ले लिया. रीमा के मम्मी-पापा भी आ रहे हैं. दिवाली के बाद हम सब साथ रहेंगे."

आता काका विचारणार, म्हणून मी श्वास रोखून बसले.

"अच्छा बेटा. बहुत अच्छा," म्हणून काकांनी फोन ठेवला.

चौबेंकडेही मला एवढा धक्का बसला नव्हता. "काका, विचारलं काहून नाही? हम म्हणजे कोण?"

"विचारलं असतं तर त्याले एक शब्द निवडा लागला असता वं," काका म्हणाले. "राहू दे हिंदीतच. सध्या त्या हममध्ये मी आहो."

मी उगाच टेबल पुसत राहिले. काकांनीच विचारलं, "रायपूरले स्वेटर लागते का वं?"