पाच ताऱ्यांचं दार

एका जंगलात ऊन फार होतं. फार म्हणजे किती, मुलांनो? दुपारी सरडा दगडावरून निघाला, की एक पाय टेकवायचा, चटका बसला की उचलायचा, मग दुसरा टेकवायचा. एवढासा दगड ओलांडेपर्यंत त्याची दुपार संपायची.

या जंगलातले लहान प्राणी बिळांत राहत. बिळांना दारं नव्हती. वैशाखातली झळ सरळ आत घुसायची. दर वर्षी काही पिल्लं उन्हाळ्यापुढे टिकायची नाहीत. जाणते प्राणी म्हणायचे, “त्यांचं तेवढंच होतं.” आणि पुन्हा सावलीत जाऊन बसायचे.

यमू नावाची एक सायाळ होती. अंगभर काटे असलेली, पण स्वभावाने गरीब. मागच्या वैशाखात तिची दोन पिल्लं अशीच गेली होती. यंदा तिला पुन्हा दोन झाली. ती कुणाजवळ काही बोलायची नाही. दुपारी दोघांच्या पोटांवर पंजा ठेवून बसायची. पोटं वरखाली होतात की नाही, ते पाहायची.

ही पिल्लांची गोष्ट सिंहराजाच्या कानावर गेली. राजा दयाळू होता. त्याने लगेच द्वार समिती नेमली.

समितीत मगर होती, गरुड होता आणि हत्ती होता. मगर पाण्यात राहायची, गरुड कड्यावर राहायचा, आणि हत्ती उभा राहील तिथे राहायचा. तिघांपैकी कुणीही जन्मात दार वापरलं नव्हतं. त्यामुळे समिती अगदी निःपक्षपाती होती.

समितीपुढे तीन दारं आली. पहिलं पत्र्याचं. लखलखीत. दुपारी त्यावर भाकरी भाजून घ्यावी. दुसरं काळ्या लाकडाचं, मधोमध सिंहाचं तोंड कोरलेलं. तिसरं सुतारपक्ष्याने केलं होतं. दोन पातळ फळ्या आणि मध्ये सुकं गवत दाबून भरलेलं. बाहेरून चुन्याचा पांढरा हात. खालच्या फटीला झडलेल्या लोकरीची पट्टी. ऊन पडलं तर बरंचसं पांढऱ्या रंगावरूनच परत जावं, उरलेलं गवतात अडावं, आणि फटीतून झळ येऊ नये, असा त्याचा विचार. दिसायला मात्र अगदीच साधं.

समितीने हे तिसरं दार निवडलं.

तुम्ही म्हणाल, शहाणी समिती! तसं नाही, मुलांनो. कोरलेल्या सिंहाला मिशीचा एक केस कमी होता, म्हणून ते दार राजद्रोही ठरलं. पत्र्यात मगरीला स्वतःचं तोंड दिसलं, म्हणून तेही गेलं. उरलं ते तिसरं. जंगलात योग्य गोष्टी बहुधा अशाच घडतात.

समितीने त्या दाराला पाच तारे दिले. पावसाने खराब होऊ नयेत म्हणून ते आतल्या बाजूला चिकटवले. सोबत एक सूचनाही दिली : दिवसा दार बंद ठेवा, ऊन उतरलं की उघडा.

प्रत्येक बिळाला दार बसलं. सूचना फक्त यमूने वाचली.

आता या जंगलात एक रीत होती. घरात कुणी मेलं, तरच दिवसा बिळाचं तोंड पाल्याने बुजवायचं. एरवी ते उघडं. त्यामुळे सकाळ झाली, की सगळे दार बाहेरच्या बाजूला सताड उघडायचे आणि वाऱ्याने लागू नये म्हणून त्याला दगड लावायचे. असं केलं की पाचही तारे रस्त्यावरून दिसायचे, हा वेगळा फायदा. संध्याकाळी गार वारा सुटला, की चोराच्या भीतीने दारं घट्ट लावून घ्यायचे. दिवसभर कोंबलेली झळ रात्रभर आत मुक्कामाला.

यमूने उलट केलं. ऊन चढायच्या आत दार लावलं.

तासाभरात दारापुढे आक्रोश सुरू झाला. धोंडू ससा, मुंगूसवहिनी आणि घोरपडमावशी भर उन्हात बसून रडत होते.

यमूने दार किलकिलं केलं. “काय झालं?”

“तेच विचारायला आलोय,” मुंगूसवहिनी डोळे पुसत म्हणाली. “कोण गेलं गं?”

“कुणी नाही गेलं.”

“मग दार का लावलंस?” घोरपडमावशीने रडणं थांबवलं. तिचा आवाज एकदम स्वच्छ झाला. “अगं मेले, मी जेवण टाकून आले की!”

“ऊन आत येऊ नये म्हणून लावलं, मावशी.”

“ऐका! ऊन काय चोर आहे?” धोंडू हसला.

“चोर परवडला, धोंडूभाऊजी. तो कंदमुळं नेतो. ऊन पोरं नेतं.”

तिघंही उठून निघाली. पण परत जाताना मुंगूसवहिनी म्हणालीच, “हिला दोन पोरं काय राहिलीत, किती तो माज!”

संध्याकाळी यमूने दार उघडलं आणि काटे बाहेर करून दारात बसली. चोर एकदा येऊन गेला. पुन्हा आला नाही.

आठवड्याने समितीचा सचिव कोल्हा आला. “यमूबाई, परवा राजेसाहेबांची पाहणी आहे. भर दुपारी. तारे रस्त्यावरून दिसले पाहिजेत. दार उघडं ठेवा.”

“भर दुपारी? साहेब, पिल्लं आहेत आत.”

“त्या पिल्लांसाठीच तर तारे आहेत, बाई!”

यमूने दाराकडे पाहिलं. मग नखांनी पाचही तारे खरवडून काढले आणि कोल्ह्याच्या पंज्यावर ठेवले. “हे न्या. ह्यांना ऊन दाखवा. दार माझ्याकडे राहू द्या.”

कोल्ह्याने वहीत लिहिलं : दार, बिनताऱ्याचं.

पाहणीच्या दिवशी ऊन असं पडलं की सरडा घराबाहेरच निघाला नाही. सकाळीच मुंगूसवहिनी यमूच्या बिळाच्या मागच्या अंगाला आली. काखेत तिची तीन पिल्लं.

“यमे, जरा ठेवशील? आज ऊन फार, अन् आमच्याकडे दार उघडं ठेवायचंय.”

थोड्या वेळाने धोंडू सात पिल्लं घेऊन आला. घोरपडमावशी स्वतःच आली. मग बाकीच्या बिळांतली पिल्लंही आली. यमूने सगळ्यांना आत घेतलं आणि दार लावलं. आत अंधार होता, दाटी होती, आणि गारवा होता.

भर दुपारी राजाची स्वारी निघाली. ओळीने उघडी दारं, ओळीने चमकणारे तारे. राजाने बिळांमध्ये डोकावून पाहिलं. एकाही बिळात एकही पिल्लू उन्हाने कासावीस झालेलं दिसलं नाही. एकाही उघड्या बिळात एकही पिल्लू नव्हतं, ही बारीक गोष्ट कोल्ह्याने अहवालात घेतली नाही. त्याने लिहिलं : उघड्या दारांची योजना पूर्ण यशस्वी. पण एक बिनताऱ्याचं दार आढळलं. ते धोकादायक असल्याने काढून टाकावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारपक्षी दार काढायला आला. मान खाली घालून म्हणाला, “वहिनी, दार मीच केलंय. चांगलं केलंय. पण ते वाईट आहे, असं लिहून आलंय.”

शेजारी जमले. धोंडू म्हणाला, “नियम म्हणजे नियम, यमूवहिनी.”

दार गेलं. बिळाच्या तोंडातून ऊन हळूहळू आत सरकायला लागलं. धाकट्या पिल्लाने तोंड उघडून धाप टाकली.

यमूने दोघांना उचललं आणि ती मुंगूसवहिनीच्या बिळापाशी गेली. “वहिनी, तुमच्या दाराला पाच तारे आहेत ना? लावून घ्या ते दार.”

“आत्ता? दिवसाउजेडी?” वहिनी दचकली. “लोक काय म्हणतील!”

यमूने पाठ फिरवली आणि काटे उभे केले. वहिनी आपोआप बाजूला झाली. यमूने पिल्लं आत ठेवली. वहिनीची तिन्ही तिथेच होती. मग धोंडूची सात धावत आली, त्यांना आत घेतलं. तिने पायाने दगड उडवला आणि दार लावलं.

बाहेर ऊन तापत गेलं. मोठी मंडळी दाराकडे बघत उभी होती. शेवटी धोंडूला राहवेना. त्याने दार ठोठावलं.

“यमूवहिनी, अहो वहिनी! आम्हालाही घ्या की आत!”

“तुम्ही थांबा बाहेर, भाऊजी,” आतून यमू म्हणाली. “लोक काय म्हणतात ते ऐकायला कुणीतरी हवं ना!”

तात्पर्य : उन्हाळी मुलखात दार निवडताना त्यात काय भरलंय, त्याचा रंग कोणता, फट किती, असल्या गोष्टींत वेळ घालवू नये. ते उघडं असताना कसं दिसतं, तेवढं पाहावं. शेजारी एखादी निर्लज्ज बाई राहते ना, याची मात्र दार घेण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.