पाण्याच्या गाठीचं टेंडर

हरीशच्या डाव्या किडनीवर पाण्याची गाठ दिसली आणि सौदीतल्या अल-खोबरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये टेंडर निघालं. हरीश कंपनीच्या खरेदी विभागात होता. साधा पंप घ्यायचा तरी तीन कोटेशनं आल्याशिवाय तो सही करत नसे, मग हा तर घरचा अवयव. कंबरेत कळ येत होती म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "गाठीमुळेच दुखत असेल, तर उपाय आहेत." हरीशने उपाय तेवढे ऐकले, 'असेल तर' त्याच्या कानावरून गेलं.

"ऐक," तो बायकोला म्हणाला. "पहिला उपाय, पाठीतून सुई घालून पाणी ओढून घ्यायचं आणि आत औषध सोडायचं. संध्याकाळी घरी."

"मग तोच करू," कौमुदी मेथी निवडत म्हणाली.

"छे! गाठ पुन्हा भरू शकते. दुसरा दुर्बिणीचा. पोटाला बारीक भोकं पाडून गाठीचं आवरण कापतात. पुन्हा भरायची भीती कमी. तिसरा रोबोटचा. काम तेच, हात यंत्राचे."

"काम तेच, तर यंत्र कशाला?"

"प्रिसिजन, कौमुदी, प्रिसिजन!"

खरं कारण वेगळंच होतं. हरीशला सुईची भयंकर भीती वाटे, आणि ते बायकोलाही कळू नये म्हणून त्याने आजवर जिवाचं रान केलं होतं. इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याच्या, मेडिकलला रक्त देतानासुद्धा 'उपाशीपोटी गरगरतंय' म्हणून तो आडवा झाला होता. भूल देऊन काय वाट्टेल ते कापा, पण जागेपणी पाठीत सुई? नाव काढू नका.

शुक्रवारी मित्रमंडळी जेवायला आली, तेव्हा हरीशने रोबोटचा निकाल जाहीर केला. ऑफिसातला खेडचा मुनाफ तर बघतच राहिला.

"हरीशभाऊ, तुमचा काळीज वाघाचा! आमच्या भावजींना अशीच गाठ हाय. नुसता ऑपरेशनचा नाव काढला नि घाम फुटला त्यांना."

"माणसाने घाबरायचं नसतं," हरीश रुबाबात म्हणाला.

"बरोबर आहे," कौमुदी पोळी वाढत म्हणाली. "भूल देताना हाताला सुई टोचतात तेवढंच काय ते."

हरीशचा घास हातातच राहिला. तिन्ही कोटेशनांत सुई होती आणि इतक्या मुरलेल्या खरेदीदाराच्या ते लक्षातच आलं नव्हतं! आता माघार घ्यावी तर वाघाचं काय?

शेवटचा मार्ग म्हणून तो कौमुदीला घेऊन अल-खोबरमधल्याच, मूळच्या सांगलीच्या डॉक्टर सुरुचींकडे गेला. गोळ्यांनी गाठ विरघळली तर बघावं, एवढीच त्याची आशा होती. बाईंनी रिपोर्ट पाहिले आणि कंबरेत बोट दाबलं.

"आई गं!"

"अहो, गाठ लहान आहे, निरुपद्रवी आहे. तिला कोणी हात लावायचा नाही, वर्षाने फक्त बघू. दुखतोय तो पाठीचा स्नायू. काही जड उचललंत का?"

"तांदळाची गोणी," कौमुदी म्हणाली. "लिफ्ट बंद होती. नको म्हणत होते मी."

हरीशला आभाळ ठेंगणं झालं. सगळी टेंडरं रद्द! तो तपासणीच्या टेबलावरून उठून बाईंचे आभार मानणार, तोच त्या म्हणाल्या, "थांबा, एक इंजेक्शन देते. लगेच आराम पडेल."

सुई दिसली मात्र, वाघ खाली कोसळला. स्टुलाची कड कपाळाला लागली आणि खोक पडली. शुद्धीवर आल्यावर टाका घालायची सुई पाहिली आणि तो पुन्हा गेला. तेवढ्यात बाईंनी काम उरकून घेतलं.

"अरे, मला सांगायचंस ना!" घरी येईपर्यंत कौमुदी हसत होती. हरीशलाही मग हसू आवरेना.

संध्याकाळी मुनाफ फळं घेऊन आला आणि कपाळावरची पट्टी बघून दारातच थबकला.

"झाला ऑपरेशन? किडनीचा नि कपाळातना?"

"नवीन पद्धत आहे," हरीश म्हणाला. "पाठीला हातच लावत नाहीत."

"माशाल्लाह! मग आमच्या भावजींनापण उद्या थयंच नेतो."

आता मात्र हरीशची पंचाईत झाली. त्याने मुनाफला आत घेतलं आणि सुईसकट सगळं खरं सांगून टाकलं. मुनाफने फळांची पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "हरीशभाऊ, भावजी म्हणजे मीच हो."

हरीशने आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरू नका! दवाखान्यात मी येतो तुमच्याबरोबर."

"नको," कौमुदी आतून ओरडली. "मी एकटी किती कपाळं झेलू?"