निवास सरांचं आजोळ

"नमस्कार. मी निवास. आमच्या आईला भास व्हायचे. तुमच्यात कोण?"

आमचे निवास सर स्वतःची ओळख अशी करून देतात. बँकेत, एसटीत, लग्नात, कुठंही. माझ्या भाचीच्या लग्नाला मीच त्यांना हौसेनं बोलावलं होतं. विहाराच्या हॉलमध्ये मंगल परिणय झाला, मंडळी जेवायला बसली आणि सरांच्या शेजारी नेमके नवरदेवाचे काका आले. सरांनी जिलबी मोडली, काकांकडे वळले आणि ते वाक्य टाकलं. काकांचा घास हातातच राहिला. माझी बहीण अजून मला विचारते, "सुनंदा, तुझं सायब बरं हाय न्हवं?"

साहेब बरे आहेत. मनाच्या आणि मेंदूच्या आजारांमागची जनुकं शोधणं हे त्यांचं काम. एखाद्या घराण्यात आजा, चुलता, नातू असा पिढ्यान्‌पिढ्या आजार दिसतो. त्या घरातल्या आजारी आणि धडधाकट अशा सगळ्यांचं रक्त गोळा करायचं आणि फरक कुठं आहे ते धुंडाळायचं. धुंडाळतात सर, रक्त काढते मी. त्यामुळे गावोगावी चहा आधी सरांना मिळतो आणि शिव्या मला.

हे काम आपल्याकडे किती अवघड, ते सोयरिकी जुळवणाऱ्या कुणालाही विचारा. घरात कुणी डोक्यानं अधू आहे का, हा प्रश्न आपण विचारतो तो स्थळ बघताना, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "छ्या, आमच्यात असलं कोण न्हाय." सरांचेही प्रश्न सगळे त्याच जातीचे. आजोबांना भाऊ किती, आत्या कुठं दिली, मामाचीच पोरगी केली का. गडमुडशिंगीत एका घरी सर असं विचारत बसले आणि घरच्यांची पक्की समजूत झाली की पावणं मुलासाठी स्थळ बघायला आलेत. आतून पोहे आले. पोह्यांच्या मागून साडी नेसलेली मुलगी आली. सरांनी पोहे संपवले, "शीक बाई, लग्नाची घाई करू नगंस," असं मुलीला सांगितलं आणि मग तिच्या वडलांना ते वाक्य ऐकवलं.

"उठा पावणं," वडील म्हणाले.

आम्ही उठलो. मी चपला घालत होते, तेवढ्यात घरातली म्हातारी मागून आली आणि हळूच म्हणाली, "माझा थोरला दीर. रातध्याड एकटाच बोलायचा. आता त्येचं कोण नावबी काढत न्हाय."

सर तिथंच पायरीवर बसले आणि म्हातारीचं सगळं बोलून होईपर्यंत हलले नाहीत. सर ते वाक्य का म्हणतात ते मलाही त्या दिवशी उमगलं. त्यांनी आपल्या घरचं आधी सांगितलेलं असतं, म्हणून म्हातारीला तिच्या घरचं सांगवलं.

त्यांची दुसरी खोड चौकोन आणि गोलांची. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आजारी असेल तो आतून काळा. मिसळीच्या हॉटेलात बसले की मालकाचं सगळं घराणं त्याच्याच कागदी रुमालावर काढून मोकळे. जीपच्या काचेवर धूळ बसली की तिथंही कुणाची तरी वंशावळ उमटलेली असते. ड्रायव्हर आता काच पुसायच्या आधी विचारतो, "सर, हे पावणं पुसू काय?"

लोक मात्र शेवटी एकच विचारतात, हे आलं कुणाकडनं? आईकडनं का बापाकडनं? मग सरांच्यातला मास्तर जागा होतो. "काही आजार एका जनुकाचे असत्यात, ते येगळं. ह्यात शेकड्यानं जनुकं हायत. थोडं हिकडनं येतंय, थोडं तिकडनं, आणि थोडं आपल्या नशिबाचं. चहा गोड झाला, तर साखरंच्या कुठल्या दाण्यानं झाला ते सांगाल काय?" आमच्याकडं शिकायला आलेला एक डॉक्टर एकदा बोलता बोलता 'आईकडचा दोष' असं म्हणून गेला. सरांनी त्याला जेवणाची अख्खी सुट्टी फळ्यासमोर उभा केला. बिचाऱ्याचा डबा तसाच परत गेला.

असं उभं जग सरांना रक्त देतं. एक घर तेवढं देत नाही. ते चंदगडकडं, काजूच्या बागेत आहे, आणि ते सरांच्या सख्ख्या मामांचं आहे.

सर कडेवर असतानाच त्यांच्या आईला आवाज ऐकू यायला लागले. वडलांकडचे म्हणाले, वेडी पोरगी आमच्या गळ्यात बांधली. मामा म्हणाले, आमच्यात असलं कोण न्हवतं, तुमच्याकडं आल्यावर झालं. येणंजाणं तुटलं ते तुटलंच. पुढं त्या माउलीनं काय करावं, तर पिशवी भरून स्टँडवर जाऊन बसावं आणि चंदगडची गाडी लागली की चढावं. मग वडील जाऊन तिला उतरवून आणायचे. शेवटपर्यंत तिला माहेर काही दिसलं नाही. हे सगळं सरांनी मला जीपमध्ये सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

हे संशोधन हाती घेतल्यापासून दर वर्षी पाऊस उघडला की सर त्या घरी जातात. मामा अंगणातूनच परतवतात, "रगात न्हाय मिळायचं." येताना वाटेवरचं एवढं देखणं रान बाजूनं जातं, तिकडंही सरांचं लक्ष नसतं. मी गेल्या वेळी वैतागून म्हटलंही, "सर, एवढी घरं झाली. एका घरावाचून संशोधन अडत नाही."

"अडत न्हाय ओ ताई," ते म्हणाले. एवढंच. मला तो संशोधकाचा हट्ट वाटला होता.

यंदा आम्ही गेलो तर मामा ओट्यावर बसले होते. खूप थकलेले, हातात काठी. नेहमीसारखं त्यांनी हाकललं नाही. सर अंगणात उभे, मी त्यांच्या मागं पेटी घेऊन. मामा म्हणाले, "एवडी वर्सं तपासतोयस. काय निगालं? कुनाकडनं आलं त्ये? आमच्याकडनं का तुमच्याकडनं?"

आता साखरेचा दाणा येणार, म्हणून मी पेटी खाली ठेवली.

"आमच्याकडनं, मामा," सर म्हणाले. "बाबांच्या घराण्यातनं. तुमच्याकडचं कायबी न्हाय."

हे धडधडीत खोटं होतं. असलं कुणी आमच्या ऑफिसात बोललं असतं, तर सरांनी त्याला आठवडाभर फळ्यासमोरून हलू दिलं नसतं. पण मी तोंड उघडलं नाही. मामांच्या चेहऱ्याकडं बघून उघडवेना. म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली.

"आत ये," मामा म्हणाले. "भायेर का हुबा हायस?"

कळायला लागल्यापासून आजोळच्या घरात सर पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. चौकटीशी जरा अडखळले. मामींनी पाणी दिलं. मामांनी सदऱ्याची बाही वर केली आणि काटकुळा हात माझ्यापुढं धरला. "घे बाई, काय घ्याचं त्ये. आनि ह्येला लिवून घ्याला सांग, माझी आत्ती बी तशीच व्हती. आमी कुनाला बोललो न्हाय. ह्येच्या आईचं लगीन मोडंल म्हनून."

ज्या एका वाक्यासाठी दर वर्षी चंदगडच्या खेपा चालल्या होत्या, ते हे. मी रबरी पट्टा बांधायला घेतला आणि सरांकडं बघितलं. त्यांनी पेनाला हात लावला नव्हता.

"मामा," ते म्हणाले, "आई कशी होती? म्हंजे आधी. मला आठवतंय तेव्हापासनं ती तशीच. बरी असताना मी तिला बघितलंच न्हाय. बाबा कायबी सांगायचे न्हाईत."

मामांनी हात मागं घेतला. बाहेरच्या काजूंकडं वळून बघितलं. मग एकदम हसले, दात नसलेलं हसू.

"लै वांड व्हती. शीळ घालायची. पोरीच्या जातीनं शीळ घालू ने म्हनून आई बदडायची, तर ही त्या झाडावर चढून घालायची. सगळ्या रानाला ऐकू जायाची. म्हसरं घराकडं वळायची."

मामीही पुढं सरकल्या. "आनि हसायची किती! येकदा सुटली की थांबायची न्हाय."

मी सुई परत पेटीत ठेवली.

सर जमिनीवर मांडी घालून बसले होते, शाळेतल्या पोरासारखे, दोन्ही हात मांडीवर घेऊन. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"अजून सांगा," ते म्हणाले.