बाप्पाखालचा बोगदा

हितेशचं निळं इंजिन रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बोगद्यात शिरलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलंच नाही. गुणाजी घाडींनी दहापर्यंत आकडे मोजले, मग वीसपर्यंत मोजले. मग वेगाचं बटण जरा पुढे फिरवलं. आतून घूं घूं असा आवाज आला आणि तोही बंद पडला.

"राजेश," ते दबक्या आवाजात म्हणाले, "जरा इकडे ये. आणि आईला हाक मारू नकोस."

राजेशने बोगद्याकडे बघितलं, मग वडलांकडे बघितलं. "बाबा, हितेशभाईने सांगितलं होतं ना, मी आल्याशिवाय चालवायचं नाही म्हणून?"

"चालवलं कुठे? नुसतं बघत होतो चालतंय का."

"मग?"

"चाललं ना. बोगद्यापर्यंत झकास चाललं."

गुणाजींचा हा स्वभावच होता. छत्तीस वर्षं विक्रोळीच्या एका पंपाच्या कंपनीत फिटर म्हणून काढली, पण निवृत्त झाल्यावर हात काही स्वस्थ बसेनात. घरातला मिक्सर तीनदा दुरुस्त झाला, त्यांपैकी दोनदा तर तो बिघडलेलाही नव्हता. शेवटी त्यांना छोट्या आगगाड्यांचा नाद लागला आणि मिक्सर वाचला. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली असे उपनगरांत विखुरलेले आठ-दहा नादिष्ट लोक त्यांना भेटले. प्रत्येकाने आपापल्या घरी एक फळी सजवायची आणि डिसेंबरच्या प्रदर्शनात पसंत पडलेल्या फळ्या जोडून एक लांबलचक रेल्वेमार्ग करायचा, असा त्यांचा बेत होता. गुणाजींनी आपल्या फळीवर कोकणातलं आपलं गाव, आंबेखोल, उभं केलं होतं. फलाटावर अंगठ्याएवढी मातीची माणसं होती. कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणी बॅगेवर बसून पेंगत होता. फळीच्या मागून रूळ गोल फिरवून गाडी परत स्टेशनात आणली होती.

यंदा गावच्या घराचं छप्पर उतरवलेलं. म्हणून भावकीने ठरवून घरचा गणपती पहिल्यांदाच मुलुंडला आणला. बैठकीच्या खोलीत एक तर गणपती मावणार होता, नाहीतर आंबेखोल. गुणाजींनी दोन्ही मावतील अशी युक्ती काढली. मागच्या बाजूला गोणपाट आणि प्लास्टरचा डोंगर केला, डोंगरातून बोगदा काढला आणि बोगद्यावर चौरंग ठेवून त्यावर गणपती बसवला. सगळी इमारत बघून गेली.

निळं इंजिन मात्र हितेशचं होतं. घाटकोपरच्या या माणसाने ते वीतभर इंजिन दोन वर्षं खपून स्वतःच्या हातांनी रंगवलं होतं. तो ते सुती हातमोजे घातल्याशिवाय उचलत नसे. संध्याकाळी पाच वाजता ग्रुपचे भीमराज फळी बघायला येणार, कोणाची फळी घ्यायची ते तेच ठरवणार, म्हणून हितेशने ते मोठ्या मनाने दिलं होतं. आता फळीही गेली आणि मैत्रीही गेली, असं गुणाजींना वाटायला लागलं.

त्यांनी मोबाइलच्या उजेडात आत डोकावलं. बोगदा वाकडा, त्यामुळे शेवटच्या डब्याची शेपटी तेवढी दिसत होती. "चौरंग चार बोटं उचलला तर..." ते पुटपुटले.

"काय उचलतास?" स्वयंपाकघरातून रुक्मिणीबाई बाहेर आल्या. हातात झारा होता.

"काही नाही गो. जरासा देव..."

"देव हलवूचो नाय!" झारा वर गेला. "काल प्राणप्रतिष्ठा झाली हा. भावकीचो गणपती आसा तो, तुमचो पंप न्हय!"

गुणाजींनी राजाराम गुरुजींना फोन लावला. गुरुजी त्या दिवशीच्या सातव्या घरी होते. "मूर्ती हलवायची असेल तर उत्तरपूजा करा आणि हलवा," ते घाईघाईने म्हणाले, "पण मग बाप्पा गेले. गौरींबरोबर गुरुवारी जायचे ते रविवारी गेले, हे भावकीला तुम्हीच सांगायचं." गुणाजींनी फोन ठेवला. गावच्या थोरल्या भावाचा आवाज त्यांना न लावताच ऐकू आला.

मग त्यांनी स्वतःचं जुनं लाल इंजिन मागून आत पाठवलं. बेत असा, की ते शेवटच्या डब्याला अडकेल आणि सगळी गाडी मागे ओढून आणेल. ते अडकलं, अगदी छान अडकलं. ओढायला मात्र तयार होईना. आता आत दोन इंजिनं झाली.

"अजून एक आहे का तुमच्याकडे?" राजेशने विचारलं.

"गप रे."

मग कपड्यांचा हँगर सरळ करून त्याची आकडी केली. गुणाजी जमिनीवर पालथे पडले, डोकं चौरंगाखाली, हात बोगद्यात. आकडीला काहीतरी लागलं. त्यांनी हिसका दिला आणि मखरातल्या दिव्यांची माळ फटकन विझली. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या नलिनीताई नवऱ्यासह दर्शनाला आल्या. काळोख्या मखरापुढे आडवे पडलेले गुणाजी त्यांनी पाहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "याला म्हणतात साष्टांग नमस्कार. नाहीतर तुम्ही! उभ्याउभ्या हात जोडता. घाला बघू."

नलिनीताईंचा नवरा गुणाजींच्या शेजारी आडवा झाला. त्याची कंबर धरल्यामुळे त्याला उठवायला राजेशला यावं लागलं. त्या गडबडीत साडेचार वाजले आणि बेल वाजली. हितेश अर्धा तास आधी आला होता, हातमोजे घालूनच. बरोबर भीमराज होते. त्यांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेली. ते सहसा हसत नसत आणि घड्याळ बघितल्याशिवाय खुर्चीतही बसत नसत.

"गाडी कुठंय?" भीमराजांनी विचारलं.

गुणाजींनी बोगद्याकडे बघितलं, मग फलाटावरच्या मातीच्या माणसांकडे बघितलं. "लेट आहे," ते म्हणाले.

"किती लेट?"

"काही सांगता येत नाही."

भीमराज खुर्ची ओढून फळीसमोर बसले. रुक्मिणीबाईंनी चहा आणि करंज्या आणल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हितेश हसत होता, त्याला वाटलं काकांनी काही नाटक रचलंय. गुणाजी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. विसाव्या मिनिटाला भीमराजांनी कप खाली ठेवला.

"घाडी," ते म्हणाले, "मी आजवर पन्नास फळ्या बघितल्या असतील. सगळीकडे गाड्या घड्याळासारख्या धावतात. खोटं वाटतं मला. गणपतीत कोकणातली गाडी वेळेवर? माणसं बोचकी घेऊन बसलीयत आणि गाडीचा पत्ता नाही, हे खरं. तुमची फळी प्रदर्शनात पहिली लागणार."

गुणाजींना रडू येईल असं झालं. एवढा मान मिळाला, पण तो सगळा खोटेपणावर उभा होता. त्यांना ते सोसेना. त्यांनी हितेशचा हातमोज्यातला हात धरला. "हितेश, मी तुझं इंजिन चालवलं रे. सकाळी अकरा दहाला. मला राहवलं नाही. ते आत अडकलंय आणि बाप्पा गुरुवारपर्यंत हलत नाही."

हितेशचा चेहरा उतरला. तो गुडघ्यांवर बसला, मग पालथा पडला आणि चौरंगाखाली डोकं घातलं. आतून त्याचा आवाज आला. "काका, पुढे काहीतरी आडवं आहे यार. लाकूड वाटतंय."

"लाकूड कुठलं?" गुणाजींनी विचारलं.

"ता माझा," रुक्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळी तुमची लाल गाडी फिरत होती तेव्हा बाप्पा हलत होतो. म्हणान मागच्या फटीतून हात घालून चौरंगाखाली ठोकळो घातलंय. माका काय ठाऊक, खाली तुमचो रूळ आसा?"

"अगं, मग काढ ना तो!"

"आणि देव पडलो तर?"

भीमराज उठले, खिशातला लाल रुमाल काढला आणि बोगद्याच्या तोंडाशी अंथरला. "मार्ग बंद," ते म्हणाले. "गुरुवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

त्यानंतर हितेश रोज संध्याकाळी घाटकोपरहून आरतीला यायला लागला. आधी बोगद्यात टॉर्च मारायचा, मग बाप्पाला हात जोडायचा. सोमवारी तो चिडलेला होता आणि गुणाजींशी बोललाच नाही. मंगळवारी त्याने काळ्या वाटाण्याची उसळ दोनदा मागून घेतली. बुधवारी बायकोला, भाविकाला, घेऊन आला आणि गुणाजींशेजारी उभा राहून झांजा वाजवल्या. तरी ताल चुकला की त्याची नजर खाली बोगद्याकडे जायची, आणि गुणाजींचीही.

गुरुवारी संध्याकाळी भीमराजही आले. गुरुजींनी उत्तरपूजा केली आणि मूर्ती जागची जराशी हलवली. राजेशने बाप्पा उचलले, रुक्मिणीबाईंनी ठोकळा ओढला. हितेशने बटण गुणाजींच्या हातात दिलं. "काका, तुम्हीच."

गुणाजींनी बटण हळूच फिरवलं. घूं घूं झालं आणि निळं इंजिन डोंगरातून बाहेर आलं. टपावर चौरंगाखालच्या फटीतून हळदकुंकू सांडलेलं, डब्यांवर अक्षता, पुढच्या दिव्यात एक दूर्वा अडकलेली. मागून लाल इंजिन ढकलत होतं. गाडी वळण घेऊन आंबेखोलच्या फलाटाला लागली, तेव्हा राजेश बाप्पांना घेऊन दारापर्यंत पोहोचला होता आणि जिन्यात मोरयाचा गजर चालला होता.

भीमराजांनी घड्याळ बघितलं. "चार दिवस, सात तास, पन्नास मिनिटं लेट," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

हितेश हातमोजा पुढे करून कुंकू पुसायला वाकला. मग त्याने हात मागे घेतला. "राहू दे," तो म्हणाला. "प्रदर्शनात असंच धावेल."

रुक्मिणीबाई ठोकळा हातात घेऊन फलाटाकडे बघत उभ्या होत्या. "आता येवन काय उपयोग?" त्या गाडीला म्हणाल्या. "गणपती तर चललो." पण त्यांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी तबकातली साखर-खोबऱ्याची चिमूट घेतली आणि डब्यांच्या दारांशी, रुळावरच, ठेवली.

एरवी रुळावर धुळीचा कण पडला तरी गुणाजी घर डोक्यावर घ्यायचे. आज त्यांनी वेगाचं बटण बंद केलं आणि हात मागे बांधले.

"एवढ्या लांबून इले," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "उपाशी असतले."